नवशिक्यांनी एआयची साधने शिकायला सुरुवात नेमकी कुठून करावी?

ग्रंथसखी

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात नवशिक्यांसाठी एआयचा प्राथमिक वर्ग सुरू होतोय. चार शनिवार, दर वेळी दीड तास. येणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे आहेत: गृहनिर्माण सोसायट्यांचे सचिव आणि खजिनदार, बचत गटांचा हिशेब ठेवणाऱ्या ताई, काही शिक्षक, गावाकडे जमीन असलेले काहीजण. व्हॉट्सॲप सगळ्यांना सराईतपणे येतं, संगणकाची सवय मात्र कमी.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला सर्वांसाठी खुलं झालं. तेव्हापासून 'शंभर जादुई प्रॉम्प्ट' (म्हणजे साधनाला घालायचे तयार प्रश्न) छापाच्या पीडीएफ गटागटांतून फिरताहेत. त्या पाठ करून कोणी काही शिकेल असं मला वाटत नाही. शिकवायचं ते असं हवं की उद्या साधन बदललं तरी कामी येईल, आणि उत्तर चुकलं तर ते चुकलंय हे समोरच्याला ओळखता येईल.

जाणकारांना तीन प्रश्न. पहिल्या तासाला नेमकं काय करून घ्यावं? मराठीत विचारायचं की इंग्रजीत? आणि हमखास होणाऱ्या चुका कोणत्या?

सूत्रधार

पहिल्या तासाला एकच नियम ठेवा: ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे तेच विचारायचं. नवशिका नेमकं उलट करतो. माहीत नसलेली गोष्ट विचारतो, उत्तर सफाईदार भाषेत येतं, आणि तपासायला हाताशी काहीच नसल्यामुळे ते खरं धरलं जातं.

खजिनदारांसाठी उदाहरण देतो. थकबाकी १८,००० रुपये, मुदत ५ महिने, दर साल २१ टक्के सरळव्याज. कागदावर हिशेब करून घ्या, उत्तर १,५७५ रुपये. आता साधनाला मुद्दाम अर्धवट प्रश्न घालायला लावा: "१८,००० रुपयांवर २१ टक्क्यांनी ५ महिन्यांचं व्याज किती?" काहींना १,५७५ मिळेल, काहींना १,६३१ मिळू शकेल. दुसरा आकडा दरमहा व्याजावर व्याज चढवून येतो. म्हणजे आकडेमोड बरोबर आहे, गृहीत धरलेली गोष्ट चुकीची आहे. 'दर साल' आणि 'सरळव्याज' हे दोन शब्द प्रश्नात आले की फरक मिटतो. चांगला प्रश्न म्हणजे काय ते इथे आपोआप कळतं, वेगळं भाषण लागत नाही.

सचिवांसाठी सभेच्या सूचनेची मुदत घ्या. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, वार्षिक सर्वसाधारण सभेला पूर्ण १४ दिवसांची सूचना लागते. साधन कधी कधी २१ दिवस सांगून मोकळं होतं. ती मुदत २०१३ च्या कंपनी कायद्यातली आहे. दोन्हीकडे सभा, सूचना, गणपूर्ती असे सारखेच शब्द असल्यामुळे एकीकडची तरतूद दुसरीकडे चिकटते. सचिवांना १४ दिवस तोंडपाठ असतात, त्यामुळे चूक त्यांच्याच डोळ्यांनी त्यांना दिसते. सांगून पटत नाही ते इथे पटतं.

घाटमाथा

सूत्रधार, उदाहरणं उत्तम, पण क्रमाबद्दल असहमत. यंत्र उदाहरणांवरून शिकतं म्हणजे काय हे आधी हाताने करून बघितलं पाहिजे. त्याशिवाय "ते चुकतं का?" याचं उत्तर मिळत नाही, नुसतं "ते चुकतं" एवढंच कळतं.

त्यासाठी गूगलचं टीचेबल मशीन वापरा, म्हणजे चित्रं दाखवून यंत्राला ओळखायला शिकवण्याचं संकेतस्थळ. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये चालतं, आणि तुम्ही स्वतः प्रकल्प साठवल्याशिवाय चित्रं संगणकाबाहेर जात नाहीत. आंब्याची पाच-सहा पानं आणि फणसाची पाच-सहा पानं आणायला सांगा. इमेज प्रोजेक्ट उघडून दोन वर्ग करा, नावं 'आंबा' आणि 'फणस'. वेबकॅमसमोर पान धरून बटण दाबून ठेवलं की पटापट चित्रं साठतात. प्रत्येकी ५० पुरेत, मात्र पान फिरवत, जवळ-लांब नेत, पुढून-मागून दाखवा. मग 'ट्रेन', म्हणजे 'शिकव', हे बटण. ते चालू असताना तो टॅब सोडून दुसरीकडे जायचं नाही, शिकवणी थांबते. बारीक सेटिंग दिसतील: ५० फेऱ्या, एका वेळी १६ चित्रं. त्यांना हात लावायची गरज नाही.

खरा धडा यानंतर. आंब्याची सगळी चित्रं लाल फरशीवर आणि फणसाची सगळी पांढऱ्या भिंतीसमोर घ्या, पुन्हा शिकवा, आणि मग फणसाचं पान लाल फरशीवर धरा. बहुतेक वेळा ते आंबा म्हणेल. यंत्र पान शिकलंच नाही, फरशी शिकलं. त्यानंतर चमचा धरा. चमच्यालाही ते आंबा किंवा फणस यांतलंच एक नाव देईल, आणि तेही ९० टक्क्यांच्या वर खात्रीने देऊ शकेल, कारण तिसरा पर्याय आपण दिलेलाच नाही. 'यापैकी नाही' असा तिसरा वर्ग जोडून त्यात रिकामी भिंत, हात, चमचा, वही यांची चित्रं घातली की वागणं सुधारतं. उदाहरणं एकांगी असली तर काय होतं आणि टक्केवारीतली खात्री म्हणजे खरेपणा का नव्हे, हे दोन्ही मुद्दे वीस मिनिटांत हाताखालून जातात.

चकलीचा_घाणा

फणसाची पानं कोण आणणार त्याची यादी आधी करा, नाहीतर सगळे आंब्याचीच घेऊन येतील. तोरणाची उरलेली. 😀

घाटमाथा

चकली, हसण्यावारी नेऊ नका, तसं झालं तर तोही धडाच. आंब्याची २०० आणि फणसाची १५ चित्रं दिली तर यंत्र आंब्याकडे झुकतं. ते वर्गात करून दाखवण्यासारखं आहे.

सूत्रधार

घाटमाथा, पानांचा प्रयोग मान्य. पहिल्या तासाची शेवटची तीस मिनिटं त्याला देता येतील. पण सुरुवात त्याने केली तर "आम्हाला अर्ज लिहायला शिकायचंय, पानं कशाला" असा सूर निघेल. शिवाय चॅटची साधनं पान ओळखत नाहीत, मजकूर पुढे नेतात. आधी आलेला मजकूर पाहून पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त, हे काढत काढत वाक्य बनतं. निवड थोडी दैववशात होते, म्हणून तोच प्रश्न दोनदा नव्या संवादात घातला तर उत्तर शब्दशः सारखं येत नाही. हेही करवून घ्या. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांनी एकच प्रश्न विचारून पडदे जोडून बघायचे. जिथे दोन्ही उत्तरं आकड्यात किंवा नावात वेगळी पडतात, तिथे पडताळणी करायचीच.

मुखत्यार

पडताळणीवरून. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीकडून मिळालेले निवाडे दाखल केले होते. त्यातले सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. ५,००० डॉलर दंड झाला. शिकवण्यासारखी बाब त्यातली ही: त्यांच्यापैकी एकाने "हे निवाडे खरे आहेत का?" असं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं आणि त्याने "हो" म्हटलं होतं.

नवशिके नेमकं हेच करतात. "नक्की ना?" असं विचारतात. त्यावर साधन कधी बरोबर उत्तर मागे घेतं, कधी चुकीचं उत्तर ठामपणे पुन्हा सांगतं. ती पडताळणी नव्हेच. पडताळणी म्हणजे मूळ कागद उघडणं. कायदा असेल तर कलम, शासन निर्णय असेल तर त्याचा क्रमांक आणि तारीख, उपविधी असतील तर आपल्या सोसायटीची नोंदणीकृत प्रत.

मात्रावेलांटी

मराठीत विचारायचं की इंग्रजीत, याच्या आधी एक खड्डा आहे. त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. जुन्या फाँटचा.

सोसायट्यांची, शाळांची, छापखान्यांची जुनी कागदपत्रं श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीटीटी-सुरेख अशा फाँटमध्ये टाइप केलेली असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठलेली अक्षरं रोमन असतात. ती फाइल साधनाला दिली की त्याला दिसतो तो रोमन चिन्हांचा भेंडोळा, आणि तरीही ते "सारांश" म्हणून काहीतरी लिहून देतं. त्यामुळे फाइल देण्याआधी तीस सेकंदांची चाचणी करायची. फाइलमधलं एक वाक्य निवडा, कॉपी करा, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. तीन शक्यता.

स्वच्छ मराठी उमटली तर युनिकोड आहे, म्हणजे सगळ्या उपकरणांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, निर्धास्त द्या. रोमन अक्षरं उमटली तर जुना फाँट, आधी त्या त्या फाँटच्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा, आणि नंतर र्‍हस्व इकार, रफार आणि 'ऱ्या' नजरेखालून घाला, घोळ तिथेच होतो. तिसरी शक्यता म्हणजे मराठीच उमटते पण जोडाक्षरं तुटलेली, वेलांट्या भलत्या अक्षरावर. पुष्कळ पीडीएफमधून हे होतं. तेव्हा मजकूर कॉपी न करता त्या पानाचा स्वच्छ स्क्रीनशॉट चित्र म्हणून द्या. एका वेळी एकच पान. आणि काहीच निवडता येत नसेल तर ते स्कॅन आहे, त्यालाही चित्राचाच मार्ग.

चित्रावरून वाचताना ५ आणि ४, १ आणि ९, ३ आणि ६ हे देवनागरी आकडे उलटसुलट होतात, विशेषतः शिक्का आकड्यावर पडला असेल तर. आकडे स्वतः जुळवायचे.

दर्यावर्दी

मात्रावेलांटी यांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा. वाचनखूण साठवली.

भाषेच्या प्रश्नावर थोडं तांत्रिक. ही साधनं मजकूर शब्दांनी मोजत नाहीत, टोकन नावाच्या तुकड्यांनी मोजतात. इंग्रजीत सरासरी चार अक्षरांचा एक तुकडा पडतो. मराठीत पूर्वी एकेका शब्दाचे पुष्कळ तुकडे व्हायचे. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीमागचं जीपीटी-४ओ हे मॉडेल आलं तेव्हा ते बनवणाऱ्या ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात तेच मराठी वाक्य ९६ तुकड्यांवरून ३५ वर आलं होतं. तुकडे कमी म्हणजे तेवढ्याच मर्यादेत जास्त मराठी मावते आणि उत्तरही लवकर येतं. तेव्हा "मराठीत विचारू नका" हा २०२३ चा सल्ला आता तसाच्या तसा चालवू नये.

माझी शिफारस अशी. पत्र, सूचना, अर्ज, गोष्टी, वर्गातले प्रश्न हे सरळ मराठीत. औषधाच्या पुड्यावरची माहिती, मोबाइलचं सेटिंग, एक्सेलमधली चूक, अशा विषयांवर मूळ मजकूरच इंग्रजीत जास्त आहे. तिथे प्रश्न मराठीतच लिहा आणि शेवटी "तांत्रिक शब्द इंग्रजी उच्चारानेच ठेव, भाषांतर करू नकोस" असं जोडा. नाहीतर पडद्यावर न दिसणारी बटणांची मराठी नावं तयार होतात आणि माणूस ती शोधत बसतो.

ओवी_अंगाई

मराठीत विचारा हे ठीक, पण जी मराठी परत येते ती वाचवत नाही हो. "सभेचे आयोजन करण्यात येत असून सदर सभेच्या माध्यमातून" वगैरे. आमच्या बचत गटातल्या बायका असं बोलत नाहीत, लिहीतही नाहीत.

मात्रावेलांटी

ओवी, तक्रार रास्त. इलाजही आहे. नमुना द्यायचा. गटाच्या मागच्या दोन सूचना जशाच्या तशा चिकटवा आणि लिहा: "या दोन सूचनांची भाषा, लांबी आणि संबोधन तसंच ठेव. विषय नवा असा आहे." 'साध्या मराठीत लिही' या आज्ञेपेक्षा एक खरा नमुना कितीतरी जास्त काम करतो.

त्यातूनही उरणाऱ्या चुका ओळखायला शिकवा. 'तुम्ही'ने सुरू झालेलं पत्र मधेच 'आपण'वर जातं आणि शेवटी 'तू'वर येतं. लिंग बदलतं. हिंदी वळणाची वाक्यं येतात, 'कृपया करून' असतं, 'सभासद'ऐवजी 'सदस्य' येतं. असे शब्द प्रश्नातच बांधून घ्या: "सभासद हा शब्द वापर, सदस्य नको. संबोधन शेवटपर्यंत आपण."

आठ_अ_उतारा

जमीन असलेल्यांसाठी एक तास वेगळा काढा. एककांवर साधनं हमखास घसरतात. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. बोलताना आपण एकर आणि गुंठे म्हणतो. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १ गुंठा म्हणजे साधारण १०१.१७ चौरस मीटर, ४० गुंठ्यांचा एकर. दोन्ही इतके जवळ आहेत की साधन आर आणि गुंठा एकच धरून चालतं.

वर्गात हे द्या: ०.८०.०० क्षेत्र म्हणजे किती? बरोबर उत्तर ८० आर, म्हणजे ८,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण ७९ गुंठे, १ एकर ३९ गुंठे. चुकीची उत्तरं ठरलेली असतात: "०.८० एकर", "८० गुंठे म्हणजे बरोबर २ एकर", किंवा उताऱ्याच्या फोटोत दशांशचिन्ह न दिसल्याने थेट "८० हेक्टर". शेवटच्यात शंभरपट फरक आहे.

यावर उपाय म्हणजे रूपांतराचे दर प्रश्नातच लिहून द्यायचे आणि पायऱ्या दाखवायला सांगायच्या. दर आपण दिले की गृहीत धरण्याची वाट बंद होते. तरीही व्यवहारासाठी आकडा वापरायचा तर मूळ उतारा आणि तलाठी कार्यालय. आणि खातेदारांच्या नावांचा उतारा फोटो काढून सरसकट चढवू नये, नावांवर कागदाची पट्टी ठेवून फक्त क्षेत्राचा रकाना घ्यावा.

चकलीचा_घाणा

भावाभावांच्या वाटणीत एका गुंठ्यावरून वीस वर्षं बोलणं बंद असतं, आणि हे साधन हसत हसत एक गुंठा वाढवून देतंय. उताराकाका, हा तास ठेवाच.

कडीकुलूप

नावांवर पट्टी, अगदी योग्य. हे पहिल्याच दिवशी, खातं उघडतानाच सांगायला हवं.

ॲप प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधूनच घ्यायचं आणि बनवणाऱ्याचं नाव बघायचं: चॅटजीपीटीला ओपनएआय, जेमिनीला गूगल, क्लॉडला अँथ्रॉपिक. तशाच चिन्हाची, तशाच नावाची, आठवड्याला पैसे कापणारी ॲप पुष्कळ आहेत. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी) तर कधीच बसवायची नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर लगेच फोन. पैसे खात्यातून पुढे सरकण्याआधी ते गोठवता यावेत म्हणून वेळ महत्त्वाचा असतो.

त्यानंतर सेटिंगमध्ये जाऊन आपले संवाद पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरण्याची परवानगी बंद करायची. चॅटजीपीटीत ते डेटा कंट्रोल्सखाली असतं, जेमिनीत ॲक्टिव्हिटीखाली. नावं अधूनमधून बदलतात, म्हणून नाव पाठ न करता 'माझ्या माहितीचं काय होतं' हे सेटिंगमध्ये शोधायची सवय लावा. तात्पुरता संवाद हाही पर्याय आहे, तो इतिहासात राहत नाही.

आणि काय घालायचं नाही: आधार, पॅन, बँक खातं, ओटीपी, आजारपणाचे रिपोर्ट नावासकट, दुसऱ्याचे फोन नंबर. थकबाकीची यादी द्यायची असेल तर नावांच्या जागी 'सभासद १', 'सभासद २' करा, उत्तर आल्यावर नावं आपल्या फाइलमध्ये परत भरा. एक्सेलमध्ये नावाचा रकाना वगळून कॉपी केलं की झालं.

ग्रंथसखी

इतकी माहिती एका दिवसात येईल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. उपप्रश्न: चारही शनिवारांसाठी साधन एकच ठेवू की दोन-तीन दाखवू? आणि हिशेबाचं काम साधनाने थेट करावं का?

सूत्रधार

एकच. सगळ्यांच्या फोनवर तेच. दोन साधनं घेतली की निम्मा वेळ "माझ्याकडे ते बटण नाही" यात जातो. मोफत आवृत्तीत ठरावीक वापरानंतर मर्यादा लागते, म्हणून शेवटच्या अर्ध्या तासात कागदावरचं काम ठेवा.

हिशेब थेट करून घेऊ नका, सूत्र मागा. बचत गटाच्या नोंदवहीत पंधरा जणींची बारा महिन्यांची वर्गणी असेल तर १८० आकडे झाले. ते संवादात चिकटवून "बेरीज कर" म्हटलं तर उत्तर चुकूही शकतं आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही. त्याऐवजी विचारा: "माझ्या शीटमध्ये अ रकान्यात नाव, ब रकान्यात महिना, क रकान्यात रक्कम आहे. एका सभासदाची वर्षाची बेरीज देणारं सूत्र दे आणि ते कुठे लिहायचं ते सांग." सूत्र शीटमध्ये टाकलं की बेरीज शीट करते, आणि ती दर वेळी सारखीच येते. मग एका ताईची बेरीज कॅल्क्युलेटरवर करून जुळवायची.

इथे एक खाचखळगा. रकमा देवनागरी आकड्यांत टाइप केलेल्या असतील तर एक्सेल त्यांना बहुधा मजकूर समजतं आणि बेरीज शून्य येते. सूत्रात दोष नसतो. रकाना इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3) करून घ्या. तसंच एक लाखाच्या पुढे गेलं की साधन स्वल्पविराम परदेशी पद्धतीने टाकतं, साडेबारा लाखांचा आकडा वेगळाच दिसतो. "स्वल्पविराम लाख-कोटी पद्धतीने दे" असं सांगून ठेवा.

रानवारा

इंटरनेट न लागणारं काही नाही का? गावात रेंज नसते.

दर्यावर्दी

आहे, पण फोनपेक्षा लॅपटॉपवर बरं. ओलामा किंवा एलएम स्टुडिओ हा प्रोग्राम बसवून गूगलचं जेम्मा हे खुलं मॉडेल उतरवता येतं. जेम्मा ३ चं चार अब्ज घटकांचं रूप सुमारे ३ जीबीचं आहे. एकदा रेंजमध्ये उतरवलं की पुढे जोडणीची गरज नाही आणि मजकूर लॅपटॉपबाहेर जात नाही. ८ जीबी रॅमवर चालतं, हळू चालतं. मात्र लहान मॉडेलची मराठी कच्ची असते आणि तथ्यांवर तर अजिबात विसंबू नये. आपणच दिलेल्या मजकुराचा गोषवारा काढायला ठीक. नवशिक्यांच्या वर्गात हे नको.

ओवी_अंगाई

थोडं अवांतर. दिवाळीच्या शुभेच्छांचं चित्र काढून घेतलं की अक्षरं भयंकर येतात. दिपावली, शूभेच्या, काय वाट्टेल ते.

मात्रावेलांटी

चित्र काढणाऱ्या साधनांना अक्षर म्हणजे एक आकृतीच असते. रोमन अक्षरं सुटी असल्यामुळे पुष्कळ सुधारली आहेत, देवनागरीत मात्रा वर, उकार खाली, जोडाक्षरं आडवी, त्यामुळे अजून गडबड होते. चित्र अक्षरांशिवाय मागा: "वरच्या एक तृतीयांश भागात मोकळी जागा सोड, कुठेही अक्षर नको." मग फोनमधल्या कोणत्याही चित्र-संपादकात युनिकोड फाँटने मजकूर टाका. छापायला देणार असाल तर तर जास्तच काळजी, फ्लेक्सवरची चूक वर्षभर चौकात राहते.

मुखत्यार

सभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्त करण्याचं फॅड आलंय, तेही घ्या. बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं ओपनएआयचं व्हिस्पर सप्टेंबर २०२२ पासून खुलं आहे, मराठी त्यात येते, इतरही सोयी आहेत. पण शांतता किंवा पंख्याचा आवाज असेल त्या जागी व्हिस्पर कोणी न बोललेली वाक्यं लिहून मोकळं होतं, हा त्याचा माहीत असलेला दोष आहे. आडनावं चुकतात, कोण बोललं ते मिसळतं. इतिवृत्तात ठराव, सूचक, अनुमोदक आणि मतं हे सचिवाने सभेतच हाताने लिहून घ्यायचं. साधनाला द्यायचे ते हे टिपण, आणि वाक्यरचना नीट करून घ्यायची. सोबत ही ओळ हवी: "टिपणात नसलेलं काहीही जोडू नकोस. नाव, रक्कम, तारीख मिळाली नाही तर जागा रिकामी सोड."

घाटमाथा

"जागा रिकामी सोड" ही ओळ फळ्यावर चारही शनिवार राहू दे. रिकामी जागा दिसते, डोळा तिथे थांबतो. बनवलेली तारीख दिसत नाही.

उपविधींबद्दल आणखी एक. आठवणीतून उत्तर मागण्याऐवजी कागद साधनासमोर ठेवायला शिकवा. गूगलच्या नोटबुकएलएममध्ये उपविधींची पीडीएफ चढवली की उत्तरं त्या कागदातून येतात आणि प्रत्येक विधानाशेजारी क्रमांक असतो. क्रमांक दाबला की मूळ परिच्छेद उघडतो. तो वाचायचाच, कारण क्रमांक बरोबर असून अर्थ चुकीचा लावलेला असू शकतो. 'वगळून', 'खेरीज', 'अधीन राहून' असे शब्द गोषवाऱ्यात गळून पडतात, आणि नियमाचा अपवाद नेमका त्याच शब्दांत असतो. अर्थात पीडीएफ मात्रावेलांटी यांच्या चाचणीत पास झालेली हवी.

शाळामास्तर

शिक्षकांसाठी एक प्रकार राहिला. प्रश्नपत्रिका. "इयत्ता सातवी, अपूर्णांक, दहा उदाहरणे, उत्तरांसह" असं मागितलं की उदाहरणं छान येतात, उत्तरसूचीत एखाद-दुसरं चुकतं. उत्तरसूची त्याच संवादात तपासून घेऊ नका. नवा संवाद उघडून फक्त उदाहरणं द्या, सोडवायला लावा, दोन्ही याद्या जुळवा. जिथे जुळत नाही तिथे स्वतः सोडवा. जुळलेल्यांपैकी दोन-तीनही स्वतः सोडवा, कारण दोन्हीकडे एकच चूक होऊ शकते.

लांबलेल्या संवादाचाही प्रश्न असतो. खूप मागे दिलेली सूचना पुढे पाळली जात नाही, कारण एका वेळी किती मजकूर लक्षात घ्यायचा याला मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेच्या आतही मधला भाग दुर्लक्षिला जातो. विषय बदलला की नवा संवाद. अर्जाच्या संवादात पाककृती विचारू नये.

ग्रंथसखी

मग असं ठरवते. पहिला शनिवार: खातं, सेटिंग, माहीत असलेली उत्तरं, शेवटी पानं. दुसरा: पत्रं आणि सूचना, नमुना देऊन. तिसरा: फाँटची चाचणी, कागद समोर ठेवून प्रश्न, जमिनीची एककं. चौथा: शीटमधली सूत्रं आणि शिक्षकांचं काम. एक शंका उरली. पानांच्या प्रयोगाला एकच लॅपटॉप आहे आणि माणसं पंधरा. फोनवर जमेल का?

घाटमाथा

फोनवर पान उघडतं, पण चित्रं जमवणं आणि शिकवणी दोन्ही अडखळतात, त्यात वेळ घालवू नका. एका लॅपटॉपवरच करा. पाच-पाच जणांचे तीन गट पाडा. एक गट आंबा दाखवेल, दुसरा फणस, तिसरा 'यापैकी नाही'. लॅपटॉप खिडकीकडे पाठ करून ठेवा, म्हणजे उजेड पानावर पडेल, कॅमेऱ्यात शिरणार नाही. कॅमेऱ्याचं चित्र चौकोनी कापलं जातं, म्हणून आंब्याचं लांब पान आडवं न धरता तिरपं धरा, टोक कापलं जाणार नाही. प्रत्येक गटाने दोन पानं बाजूला काढून ठेवायची, शिकवताना ती दाखवायचीच नाहीत. शेवटी परीक्षा त्याच पानांवर घ्यायची. आणि पानं त्याच दिवशी सकाळी तोडलेली हवीत, दुपारपर्यंत फणसाची कडा वळते आणि आकार बदलतो.

चकलीचा_घाणा

फणसाची पानं मी आणतो. शनिवारी सकाळी नऊला दारात.